हृदयाचा ठोका कोठून निघतो?



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या बेळगावच्या मंडळीतील शब्बाथ शाळेत एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, आजोबांच्या छातीत मशीन बसवलंय. मग आता त्यांचं हृदय करंटवर चालतं का? लाईट गेली तर काय होईल?" वर्गातली मुले हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. कारण हाच प्रश्न तिच्या आजीने चारच दिवसांपूर्वी महिलांच्या प्रार्थनासभेनंतर आम्हांला बाजूला घेऊन निराळ्या शब्दांत विचारला होता. खुद्द आजोबांच्या मनातही तो होता, हे आम्हांस पुढे कळले.

हे आजोबा म्हणजे आमच्या मंडळीतील एक निवृत्त शिक्षक. सर्वजण त्यांना गुरुजी म्हणतात. भक्तीच्या वेळी पेटी वाजवण्याचे काम कितीतरी वर्षे त्यांच्याकडे आहे. त्यांना वर्षभर अधूनमधून घेरी येत असे. एकदा जिन्यावर आली, एकदा बाजारात, आणि एकदा गायनाच्या सरावात ते पेटीवरच कोसळले. थोड्याच सेकंदांत शुद्धीवर येत. चेहरा आधी पांढराफटक असे, मग एकदम लाल होई. "काही नाही हो, जरा अशक्तपणा आहे," असे म्हणून ते पुन्हा भाता ओढीत. कोणी म्हणे साखर उतरली, कोणी म्हणे फिट आली. एका दवाखान्यात शक्तीच्या गोळ्या मिळाल्या. मात्र वर्षभरात कोणीही त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून पुरते एक मिनिट नाडी मोजली नाही, आणि त्या 'कोणीही'मध्ये आम्हीही आलो. शेवटी मंडळीतील एका परिचारिका भगिनीने ती मोजली. मिनिटाला ३४ ठोके.

ई.सी.जी. निघाला. डॉक्टर म्हणाले, "हार्ट ब्लॉक आहे." येथून नवाच घोटाळा सुरू झाला. घरच्यांनी 'ब्लॉक' शब्द ऐकला आणि रक्तवाहिनी तुंबली असे धरून चालले. स्वयंपाकघरातून तूप हद्दपार झाले, बायपाससाठी पैसे जमवण्याची भाषा सुरू झाली. दोन दिवस कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

शेतातल्या विहिरीवरचा पंप आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याला पाइप असतो, तशी वायरही असते. पाइपात गाळ बसला तर पंप बंद पडेल, पण वायर तुटली तरीही बंद पडेल. मात्र दोन्हींची दुरुस्ती एक नव्हे. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबणे हे पाइपाचे दुखणे. लोक ज्याला हार्ट अटॅक म्हणतात तो यातून येतो. गुरुजींचे दुखणे वायरीचे होते. त्यांच्या हृदयाचा स्नायू चांगला होता, पण आकुंचन पाव असा निरोपच त्याला वेळेवर मिळत नव्हता. कधी कधी पहिल्या दुखण्यातून दुसरे उद्भवते हे खरे. तथापि दोन्हींना एकच समजून घरी उपचार ठरवू नयेत.

तर मग मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की आजोबांचे हृदय यंत्र बसवण्याच्या आधीही विजेवरच चालत होते. तिचेही चालते, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाचे या क्षणी चालू आहे. (शास्त्रात 'हृदय' हा शब्द निराळ्या अर्थाने येतो. वर्गात हा फरक सुरुवातीलाच सांगून टाकावा, नाहीतर मुले दोन्हींची खिचडी करतात, असा आमचा अनुभव आहे.)

ही वीज घरातल्या विजेसारखी तारेतून धावत नाही. हृदयातील प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणाच्या आत पोटॅशियम जास्त असते व बाहेर सोडियम, म्हणजे मिठातले तेच सोडियम. विसावा घेणाऱ्या पेशीच्या आत व बाहेर सुमारे एक दशांश व्होल्टचा फरक असतो. बॅटरीतला साधा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून हे किती थोडे ते कळेल. निरोप आला की आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, विद्युतभारित सोडियम आत शिरते, पाठोपाठ कॅल्शियम शिरते, आणि कॅल्शियम आले की स्नायू आकसतो. शेजारची पेशी पहिलीला बारीक छिद्रांनी जोडलेली असल्यामुळे तिचीही दारे उघडतात, मग तिच्या शेजारणीची. याप्रमाणे निरोप पुढे सरकतो. एकदा आकसलेली पेशी थोडा वेळ दुसरा निरोप घेतच नाही. ही विश्रांती नसती तर हृदय मुठीसारखे आवळूनच राहिले असते, आणि सैल होऊन रक्ताने पुन्हा भरण्याला त्याला सवडच मिळाली नसती.

पण पहिला निरोप कोण देतो? पुष्कळांना वाटते, मेंदू. तसे नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, जेथे वरची मोठी शीर येऊन मिळते, तेथे जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीची पेशींची एक गाठ आहे. डॉक्टर तिला सायनस नोड म्हणतात. आपण येथे पहिली गाठ म्हणू. या पेशींना स्वस्थ बसणे ठाऊक नाही. त्यांच्यातून भार सतत थोडाथोडा झिरपत असतो, आणि ठराविक मर्यादा गाठताच त्या आपणहून निरोप सोडतात. कोणी हुकूम द्यावा लागत नाही. हृदय बदलण्याच्या शस्त्रक्रियेत सर्व मज्जातंतू कापले जातात, तरी नव्या छातीत ते हृदय धडधडू लागते, ते याच गाठीमुळे.

हा निरोप दोन्ही वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत पसरतो व ते आकसतात. खालचे कप्पे म्हणजे निलय. वरच्या व खालच्या कप्प्यांच्या मध्ये तंतूंचा एक पडदा आहे, त्यातून वीज जात नाही. त्याला वाट एकच, आणि त्या वाटेवर दुसरी गाठ बसलेली आहे. येथे एक नवल आहे. निरोप इथवर सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने आलेला असतो. या गाठीत तो सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर इतका रेंगाळतो. सेकंदाचा सुमारे दहावा भाग येथे खर्च होतो. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा ही गाठ म्हणजे वाटेतला अडथळाच वाटला होता. पण तेवढ्या अवधीत वरचे कप्पे आपले रक्त खालच्या कप्प्यांत पुरते रिते करतात. हा विलंब नसता तर वरचे व खालचे कप्पे एकाच वेळी आवळले असते आणि खालचे कप्पे पुरते भरले नसते.

दुसऱ्या गाठीतून निरोप बाहेर पडला की वाट मोकळी. तंतूंची एक जुडी मधल्या भिंतीतून खाली उतरते, तिला उजवा व डावा असे फाटे फुटतात, आणि शेवटी बारीक तंतूंचे जाळे खालच्या कप्प्यांच्या आतल्या बाजूला पसरते. येथे वेग सेकंदाला दोन ते चार मीटर. त्यामुळे खालचे कप्पे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच सगळे जागे होतात, आणि तेही आधी मधली भिंत व टोक, मग वरचा भाग, अशा क्रमाने. टूथपेस्टची नळी आपण तळातून दाबत वर आणतो तसेच हे झाले. रक्ताची बाहेर जाण्याची दारे वरच्या अंगाला आहेत ना!

गंमत म्हणजे हा रस्ता माणसाला शेवटाकडून सुरुवातीकडे सापडत गेला. सर्वांत शेवटचे जाळे १८३९ मध्ये पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने मेंढीच्या हृदयात पाहिले. ते कशाचे, हे त्याला उमगले नव्हते. मधली जुडी १८९३ मध्ये विल्हेल्म हिस यांनी दाखवली. दुसरी गाठ सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने जर्मनीतील मारबुर्ग येथे शोधली, त्याचा ग्रंथ १९०६ चा. पहिली गाठ सर्वांत शेवटी हाती लागली. इंग्लंडमध्ये आर्थर कीथ यांच्या खेड्यातील घरी मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीय विद्यार्थी चिचुंदरीसारख्या मोल नावाच्या छोट्या प्राण्याच्या हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला होता. कीथ पतिपत्नी सायकलवर फेरफटका मारून परतले, तो या तरुणाने त्यांना ही गाठ दाखवली. १९०७ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली.

आता वर्गात हे कसे शिकवावे? आम्ही फळ्यावर चित्र काढून पाहिले; मुलांनी जांभया दिल्या. मग पुढील रविवारी बारा मुलांना हात धरून रांगेत उभे केले. पहिल्या मुलाने मनात ठेका धरून शेजाऱ्याचा हात दाबायचा. ज्याचा हात दाबला गेला त्याने लगेच पुढच्याचा दाबायचा. पाचव्या मुलीला मात्र सांगितले, की तू आधी मनात 'एक' म्हण, मग दाब. ती आमची दुसरी गाठ. दोनचार फेऱ्यांत मुलांना गोडी लागली. त्यानंतर एक नियम वाढवला. पाचवीच्या पुढे उभे असलेल्यांपैकी कोणाचा हात मनात दहा मोजेपर्यंत दाबला गेला नाही, तर त्याने वाट न पाहता आपणहून पुढे दाबायचे. आणि पाचवीच्या कानात सांगितले, की आता पुढचा हात सोडून दे.

काय झाले ते पाहण्यासारखे होते. रांगेचा पहिला भाग पूर्वीच्याच ठेक्याने चालू राहिला. पुढचा भाग क्षणभर थबकला. मग सहाव्या मुलाने दहा मोजून आपणहून दाबले आणि तिथून एक दुसरी, संथ लय सुरू झाली. दोन्ही भाग चालू, पण एकमेकांशी संबंध नाही. गुरुजींच्या हृदयात हेच घडत होते. वरचे कप्पे मिनिटाला सत्तर-ऐंशीच्या गतीने हलत होते, खालचे कप्पे आपल्या पदरच्या ३४ वर. दुसऱ्या गाठीजवळच्या पेशी स्वतः निरोप देऊ लागल्या तर मिनिटाला साधारण ४० ते ६० देतात, अगदी खालचे जाळे २० ते ४०. हे राखीव बळ नसते तर पहिल्याच दिवशी सर्व संपले असते. कधी कधी ही राखीव लय सुरू होण्याला काही सेकंद उशीर लागतो. तेवढ्यात मेंदूला रक्त पोचत नाही व माणूस जागच्या जागी कोसळतो. ठोका सुरू झाला की चेहऱ्यावर लाली चढते व तो उठून बसतो. डब्लिनचे रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि त्याच शहरातील विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये असे रोगी वर्णिले आहेत. संथ नाडी व अकस्मात घेरी ही जोडी इतकी जुनी ओळखीची आहे, आणि आम्ही वर्षभर अशक्तपणा म्हणत बसलो.

त्याच तासाला मुलांना नाडी मोजायला शिकवावी. अंगठ्याच्या खालच्या बाजूस मनगटावर तर्जनी व मधले बोट ठेवावे. अंगठा ठेवू नये, कारण त्याचीच नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्यापेक्षा पूर्ण मिनिट मोजणे बरे, म्हणजे मधेच चुकलेला ठोकाही कळतो. मोठ्या माणसाची नाडी विसाव्यात ६० ते १०० असते, मुलांची अधिक. नियमित धावणाऱ्याची ५० भरली तरी घाबरू नये. श्वास आत घेताना मुलांची नाडी थोडी जलद व सोडताना संथ होते, तेही निरोगीच. पण संथ नाडीबरोबर घेरी, धाप किंवा छातीत दुखणे असेल तर थांबू नये, ई.सी.जी. काढावा.

मेंदूचा मग काहीच संबंध नाही काय? आहे, पण लगाम हाताळण्यापुरता. पहिली गाठ मोकळी सोडली तर मिनिटाला शंभराच्या आसपास धावेल. व्हेगस नावाचा मज्जातंतू तिला विसाव्याच्या वेळी आवरून धरतो. भीती वाटली किंवा जिना चढलो की दुसरे मज्जातंतू तिला पिटाळतात. हा आवर कसा घातला जातो, याचा शोध ऑस्ट्रियातील ऑटो ल्योवी यांना झोपेत सुचला. पुनरुत्थान दिनाच्या आदल्या रात्री ते जागे झाले, कागदावर काही खरडले व पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा मात्र ते तडक उठून प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाचा व्हेगस उत्तेजित करून ते हृदय संथ केले, त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, आणि तेही संथ झाले. म्हणजे मज्जातंतू रसायनाच्या द्वारे बोलतो. हे १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ई.सी.जी. हे यंत्र लिहिते ते याच विजेचे वर्तमान. त्वचेपर्यंत पोचेतो ती व्होल्टच्या हजाराव्या भागाइतकी उरते. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये माणसाच्या छातीवरून ती प्रथम टिपली. पुढे ते जिमी नावाच्या आपल्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून लोकांना प्रयोग दाखवीत, तेव्हा कुत्र्याचा छळ होतो की काय असा प्रश्न इंग्लंडच्या पार्लमेंटात विचारला गेला. नेदरलँड्समधील लायडनचे विलेम आइंटहोवेन यांनी ते नेमके मोजणारे यंत्र बनवले. वजन सुमारे २७० किलो, आणि चालवायला पाच माणसे! आज खेड्यातला दवाखानाही ते पिशवीत घालून नेतो. कागदावरच्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आइंटहोवेन यांचीच. पी म्हणजे वरचे कप्पे जागे झाले. नंतरचे उंच टोक म्हणजे खालचे. गुरुजींच्या कागदावर पी नेमाने येत होते व उंच टोकेही नेमाने येत होती, फक्त त्यांची एकमेकांशी गाठ पडत नव्हती.

तुटलेल्या वायरीच्या जागी शरीराच्या आत बसणारे यंत्र माणसाला पहिल्यांदा लावले ते ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्टॉकहोम येथे. रोगी आर्ने लार्सन, वय ४३. दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत. त्यांच्या पत्नीने शल्यवैद्य ओके सेनिंग व अभियंता रूने एल्मक्विस्ट यांची पाठच धरली. यंत्र तयार नाही म्हणाले, तर ही म्हणे तयार करा. बूट पॉलिशच्या डबीचा साचा करून ते ओतले गेले. काही तासांतच बंद पडले, मग दुसरे बसवले. लार्सन यांना आयुष्यात अशी २६ यंत्रे लागली. ते २००१ मध्ये ८६ व्या वर्षी वारले, तेही हृदयाने नव्हे. शल्यवैद्य व अभियंता दोघेही त्यांच्या आधी गेले होते.

गुरुजींना बसवलेले यंत्र काडेपेटीहून लहान आहे. गळ्याच्या हाडाखाली त्वचेच्या आत ते ठेवतात, तेवढाच भाग बधिर करून. शिरेतून दोन तारा हृदयात सोडलेल्या आहेत, एक वरच्या कप्प्यात व एक खालच्या. आणि येथे आम्हांला त्या मुलीचे खरे उत्तर सापडले. वरची तार आधी ऐकते. आजोबांच्या स्वतःच्या पहिल्या गाठीने निरोप दिला की यंत्र क्षणभर थांबते, दुसऱ्या गाठीप्रमाणेच, आणि मग खालच्या तारेने तो निरोप पोचवते. आकुंचनाचे काम स्नायूच करतो. म्हणजे ठोका आजोबांचाच. यंत्र नुसता निरोप्या. लाईट गेली तरी बिघडत नाही, बॅटरी आत असते व सामान्यतः आठ-दहा वर्षे चालते. मिक्सर, टीव्ही, पंखा यांची भीती नाही. मोबाईल त्या बाजूच्या खिशात ठेवू नये व दुसऱ्या कानाला लावावा. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट दूर राहावे. वेल्डिंगपाशी जाऊ नये, आणि एम.आर.आय.च्या आधी यंत्राचे कार्ड दाखवावे.

एक गोष्ट निराळी आहे, ती मोठ्यांच्या वर्गात सांगावी. कधी खालच्या कप्प्यांतील वीज सर्व क्रम सोडून सैरावैरा धावू लागते. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही, आणि माणूस पडतो तो आपणहून उठत नाही. हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही व नीट श्वास नाही असे दिसले, तर नाडी शोधत बसू नये. एकाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे. छाती अशी बाहेरून दाबण्याची रीत १९६० मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे विल्यम कूवेनहोवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. कूवेनहोवेन हे डॉक्टर नव्हेत, विजेचे इंजिनिअर होते. आमच्या मंडळीत गेल्या वर्षी याचा सराव ठेवला. तीस जण आले; पंचमंडळातले दोघेच, हेही नमूद करतो.

गुरुजी घरी आल्यावर बरेच रविवार मागच्या बाकावर बसत होते. पेटीला हात लावीत नव्हते. एके सायंकाळी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा चहा झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "एक सांगा, माझी वेळ आली, आणि हे आत टकटक करतच राहिलं तर? मला जाऊ देईल ना हे?"

हे आम्हांला सांगता येण्याजोगे नव्हते. आम्ही त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी घाई न करता समजावले. यंत्र निरोप देते, पण उत्तर देणे स्नायूच्या हाती आहे. शेवटी रक्त व प्राणवायू मिळेनासा झाला की स्नायू उत्तर देत नाही. यंत्र हाका मारीत राहिले तरी हृदय थांबते. ते माणसाला अडकवून ठेवीत नाही. दहन करायचे असेल तर मात्र यंत्र आधी काढावे लागते, कारण उष्णतेने बॅटरी फुटते. पुरताना तशी गरज नाही.

"आपल्याला तो प्रश्न नाही," गुरुजी म्हणाले. वाटेत ते फारसे बोलले नाहीत. मंदिरापाशी आल्यावर किल्ली कोणाकडे आहे असे विचारले. आत जाऊन पेटीवरचे कापड काढले, भाता ओढून पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. दोन सूर उतरले होते.